भाकरी, पोळी आणि लहान आतडे

धुळे–सोलापूर महामार्गावर, जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात वडीगोद्री हे गाव आहे. इथून किंवा आसपासच्या गावांतून बारावीनंतर जालना, छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला शिकायला जाणाऱ्या मुलामुलींच्या आयुष्यात अनेक बदल होतात. त्यांतल्या एका बदलाची चर्चा क्वचितच होते. तो बदल ताटातला असतो. घरी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी रोजची असेल, तर खानावळीत दोन्ही वेळा गव्हाची पोळी येते. नाश्त्याला पाव, रव्याचा उपमा, बिस्किटे येतात. बहुतेकांना हा बदल सहज मानवतो. काही थोड्या जणांना मात्र तो मानवत नाही. ‘शहराचे पाणी लागले’ असे म्हणून हा विषय सोडून दिला जातो. अशा काही जणांत पाण्याचा दोष नसतो, कारण गव्हातले एक प्रथिन असते. या विकाराला सीलिॲक रोग म्हणतात.

ग्लूटेन म्हणजे काय?

वर्गात सहज करता येईल असा एक प्रयोग पाहू. मूठभर कणीक घट्ट मळून अर्धा तास ठेवा. नंतर तो गोळा पातळ फडक्यात बांधून पाण्याखाली हलक्या हाताने धुवा. पांढरे पाणी निघून जाईल. ते पिष्ट, म्हणजे स्टार्च. शेवटी फडक्यात रबरासारखा ताणला जाणारा चिवट लगदा उरेल. हेच ग्लूटेन. इटलीतील बोलोन्या येथील बेक्कारी या शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात याच रीतीने ते वेगळे केले होते. आता हाच प्रयोग ज्वारीच्या पिठाचा गोळा घेऊन करा. फडक्यात चिवट असे काही उरत नाही.

पोळी लाटता येते, पाव फुगतो, तो या चिवट जाळ्यामुळे. ज्वारीत ते नसल्यामुळे भाकरी लाटता येत नाही, थापावी लागते. पीठ जुने झाले की भाकरीला चिरा पडतात. मग गरम पाण्यात पीठ भिजवतात, म्हणजे त्यातले पिष्ट थोडे शिजून चिकट होते आणि ग्लूटेनची उणीव भरून निघते. स्वयंपाकघरातल्या या कौशल्यामागे रसायनशास्त्र आहे ते असे.

गहू, जव आणि राय ही धान्ये एकाच कुळातली जवळची भावंडे आहेत. तिन्हींमध्ये अपायकारक प्रथिने असतात. ज्वारी त्यांच्यापासून बरीच दूरची आहे. तिचे जवळचे नाते मका आणि उसाशी आहे. तांदूळ, बाजरी, नाचणी, वरई यांतही ग्लूटेन नसते. खपली गहू मात्र गहूच आहे. तो पचायला हलका म्हणून विकला जातो, पण त्यात ग्लूटेन असते आणि सीलिॲकच्या रुग्णाला तो चालत नाही.

आतड्यात काय बिघडते?

लहान आतड्याच्या आतल्या पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांना उद्वर्ध म्हणतात. त्यांच्यामुळे अन्न शोषून घेणारे क्षेत्रफळ कैक पटींनी वाढते. सारे पसरले तर ते सुमारे ३० चौरस मीटर, म्हणजे एखाद्या लहान वर्गखोलीच्या जमिनीएवढे भरेल.

प्रथिनांच्या लांब साखळ्या तोडून अमिनो आम्ले सुटी करणे हे पाचक विकरांचे काम. ग्लूटेनमध्ये प्रोलीन आणि ग्लूटामीन ही दोन अमिनो आम्ले फार असतात आणि अशा साखळ्या आपल्या विकरांना पूर्ण तोडता येत नाहीत. त्यामुळे काही लांब तुकडे सर्वांच्याच आतड्यात शिल्लक राहतात. बहुतेकांना त्याचा त्रास होत नाही. पण ज्यांच्या पेशींवर डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ या प्रकारची प्रथिने असतात, त्यांच्यातील काहींच्या शरीरात हे तुकडे शत्रू समजले जातात. आतड्यातलेच ट्रान्सग्लूटामिनेज नावाचे एक विकर या तुकड्यांत थोडा बदल करते आणि त्यामुळे ते डीक्यू प्रथिनांना अधिक घट्ट चिकटतात. मग रोगप्रतिकार यंत्रणा हल्ला चढवते. त्यात उद्वर्ध झिजतात आणि अखेर सपाट होतात. शरीर ट्रान्सग्लूटामिनेजविरुद्धही प्रतिपिंडे तयार करते. रक्ततपासणीत शोधतात ती हीच प्रतिपिंडे.

वर्गखोलीएवढे क्षेत्रफळ आक्रसले की लोह, कॅल्शियम, जीवनसत्त्वे, स्निग्ध पदार्थ यांचे शोषण कमी होते. मूल जेवते, पण अंगी लागत नाही. कोणाला जुलाब होतात, पोट फुगते. कोणाची केवळ उंची खुंटते. कोणाला पोटाची काहीच तक्रार नसते, फक्त गोळ्या घेऊनही रक्तक्षय हटत नाही.

गव्हावर संशय कसा आला?

इंग्लंडमधील सॅम्युअल गी यांनी १८८८ साली या रोगाचे नेमके वर्णन केले आणि बरे व्हायचे असेल तर ते आहारानेच होईल, असे मत मांडले. पण कोणता आहार, हे ठाऊक नव्हते. अमेरिकेतील सिडनी हास यांनी १९२४ साली केळ्यांचा आहार सुचवला. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्यांना जाई. खरे तर पाव बंद झाल्याचा तो गुण होता.

नेदरलँड्समधील बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांचा गव्हावर संशय १९३०च्या दशकापासूनच होता. दुसऱ्या महायुद्धात, १९४४-४५च्या हिवाळ्यात त्या देशात भीषण अन्नटंचाई झाली आणि पाव मिळेनासा झाला. डिके यांनी काळजीपूर्वक आहार-प्रयोग करून १९५० साली आपला प्रबंध सादर केला. गहू बंद केला की ही मुले सुधारतात, पुन्हा दिला की आजारी पडतात, हे त्यांनी दाखवून दिले. आजही या रोगावर खात्रीचा इलाज एकच आहे : ग्लूटेन आयुष्यभर पूर्ण वर्ज्य करणे. तसे केल्यास काही महिन्यांत ते काही वर्षांत उद्वर्ध पुन्हा उभे राहतात.

जनुके आणि ताट

भारतात तीन प्रदेशांतील २३ हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी करून तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले. प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. डीक्यू-२ किंवा डीक्यू-८ देणारी जनुके मात्र तिन्ही ठिकाणी साधारण एकतृतीयांश लोकांत होती. उत्तर आणि दक्षिण यांच्यात ठळक फरक होता तो गव्हाच्या खपात. उत्तरेत दररोज माणशी सुमारे ४५५ ग्रॅम, दक्षिणेत सुमारे २५ ग्रॅम. ईशान्येत गहू फक्त ३७ ग्रॅम असूनही प्रमाण बरेच होते. म्हणजे गव्हाखेरीज आणखीही काही घटक असले पाहिजेत. तरीही जनुके बंदूक भरून ठेवतात आणि चाप ओढायला गहू लागतो, एवढे खरे.

मराठवाड्याचा विचार या प्रकाशात करावा. इथे गहू हे पूर्वी सणाचे धान्य होते. होळीला, पोळ्याला पुरणपोळी, एरवी भाकरी. आज ज्वारीच्या शेतांत कापूस, सोयाबीन, ऊस आले आहेत आणि रास्त भाव दुकानातून गहू-तांदूळ घरात येतो. पोळी रोजची झाली आहे. तेव्हा ‘हा उत्तरेकडचा रोग, आपल्याकडे नाही’ असे म्हणून चालणार नाही.

चिमूटभर पिठाचे गणित

रोगाचे निदान झाले की घरचे म्हणतात, ‘त्यात काय, भाकरी तर आपली आहेच!’ हे अर्धे बरोबर आहे. उरलेले अर्धे समजण्यासाठी थोडे गणित करू.

गव्हाच्या पिठात साधारण ८ टक्के ग्लूटेन धरू. ३० ग्रॅम पिठाच्या पोळीत २.४ ग्रॅम, म्हणजे २४०० मिलिग्रॅम ग्लूटेन झाले. रोज ५० मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने पोटात गेले तर रुग्णाच्या आतड्याला इजा होऊ शकते, असे प्रयोगात दिसले आहे. ५० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा जेमतेम पन्नासावा भाग. दिवसाला १० मिलिग्रॅमपर्यंतचे प्रमाण बहुतेकांना सोसते. म्हणून ‘ग्लूटेनमुक्त’ असा शिक्का मारायचा असेल तर किलोमागे २० मिलिग्रॅमची कमाल मर्यादा आंतरराष्ट्रीय मानकांत आणि भारताच्या नियमांतही आहे.

आता गिरणीत जाऊ. आधीचे दळण गव्हाचे होते. जात्यात आणि पोत्याच्या तोंडाशी ५० ग्रॅम पीठ राहिले, असे समजा. त्यात ४००० मिलिग्रॅम ग्लूटेन आले. ते आपल्या २ किलो ज्वारीत मिसळले, म्हणजे किलोमागे सुमारे २००० मिलिग्रॅम. मर्यादेच्या १०० पट! ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून १२० मिलिग्रॅम ग्लूटेन पोटात जाईल. भाकरी ज्वारीचीच, पण रुग्णासाठी ती निर्धोक नाही.

निवडण्याचेही तसेच. गव्हाचा एक दाणा साधारण ४० मिलिग्रॅमचा, त्यात ग्लूटेन ३ मिलिग्रॅमच्या वर. १०० ग्रॅम ज्वारीत असा एक दाणा राहिला तरी किलोमागे २०ची मर्यादा ओलांडली जाते. सुपात धान्य निवडणे हा इथे उपचाराचाच भाग होतो. म्हणून अख्खी ज्वारी आणावी, नीट निवडावी, धुऊन वाळवावी आणि शक्यतो घरच्या वेगळ्या घरघंटीत दळावी. त्या घंटीत गहू कधीच घालू नये.

नव्या शहरात

खोली घेताना रुग्ण विद्यार्थ्याने आधी चुलीची सोय पाहावी. स्वतःचा तवा, परात आणि डबे वेगळे असावेत. स्टीलची भांडी स्वच्छ घासली की पुरते. लाकडी पोळपाट-लाटण्याच्या भेगांत मात्र पीठ राहते. गावाकडून येताना दळलेल्या पिठापेक्षा निवडलेली ज्वारी आणि नाचणी आणणे बरे. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते आणि या रुग्णांच्या हाडांना त्याची गरज असते. नुसत्या भातावर राहणे सोयीचे असले तरी पोषणाला अपुरे आहे.

महागडी आयात बिस्किटे शोधत हिंडण्याची गरज नाही. आपल्या उपवासाच्या ताटात साबुदाणा, भगर, राजगिरा, शिंगाडा, शेंगदाणे असतात. मुळात त्यांत ग्लूटेन नाही. पीठ मात्र आयते न घेता दाणे आणून दळावे. उपवासाचा आणखी एक उपयोग आहे. खानावळीच्या काकूंना ‘ग्लूटेन’ सांगितले तर कळेलच असे नाही. पण ‘काकू, उपवासाला जसं वेगळं भांडं, वेगळा झारा घेता ना, तसं मला गव्हाचं रोजच चालत नाही, कणभरही नाही’ असे सांगितले तर ते लगेच पटते.

लपलेला गहू ओळखायला शिकावे लागते. पोळी, पाव, रवा, मैदा, शेवया, लापशी हे उघड आहेत. पण थालिपिठाची भाजणी, मेतकूट, मराठवाड्यातले धपाटे, सातूचे पीठ आणि गव्हाच्या चिकाची कुरडई यांतही गहू किंवा जव असतो. बाजारातल्या खड्या-पुडीच्या हिंगात गव्हाचे पीठ मिसळलेले असू शकते, तेव्हा वरण-आमटीतली फोडणीही विचारून घ्यावी. सोया सॉस, माल्टची पेये, सामोसे तळलेल्या तेलातली भजी हेही टाळावे. पाकिटावर ग्लूटेनयुक्त धान्याचा उल्लेख करणे कायद्याने बंधनकारक आहे, म्हणून ती बारीक अक्षरे वाचण्याची सवय हवी. प्रवासात ज्वारीच्या लाह्या, शेंगदाणे, राजगिऱ्याचे लाडू, केळी ही शिदोरी भरवशाची.

शिक्षकांनी काय करावे?

उंची-वजनाचा तक्ता शिक्षकांच्या हाती असतो. वर्गातल्या एखाद्या मुलाची वाढ वर्षभर थांबली, पोट सतत बिघडलेले असले, लोहाच्या गोळ्यांनी रक्तक्षय हटत नसला, तर तसे पालकांना आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला सांगावे. यांपैकी बहुतेक मुलांत अपुरा आहार किंवा जंत हेच कारण निघेल. पण प्रतिपिंडांची रक्तचाचणी सुचवायला डॉक्टरांना ही नोंद उपयोगी पडेल. रुग्णाच्या भावंडांची आणि आई-वडिलांचीही तपासणी व्हावी, कारण त्यांच्यात हा रोग आढळण्याची शक्यता अधिक असते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने पाळायची. चाचणी होण्यापूर्वी मुलाचा गहू बंद करू नये. गहू थांबला की प्रतिपिंडे उतरू लागतात, उद्वर्ध सुधारू लागतात आणि मग रक्ताची चाचणी व आतड्याचा तुकडा काढून केलेली तपासणी या दोन्ही फसव्या ठरतात. निदान नक्की नसेल तर आयुष्यभराचे पथ्य पाळण्याचे बळ कोणाला येत नाही. तसेच ज्याला हा रोग किंवा गव्हाशी संबंधित अन्य विकार नाही, त्याला गहू सोडण्याचे काही कारण नाही. गहू हे चांगले अन्न आहे.

निदान झालेले मूल वर्गात असेल तर वाढदिवसाच्या केकच्या वेळी त्याच्यासाठी राजगिऱ्याची वडी ठेवावी, सहलीच्या डब्याची आधी चौकशी करावी आणि ‘एक घास खाल्ला तर काय होतं?’ असा आग्रह कोणी करू लागले तर वरचे गणित फळ्यावर मांडावे. सातवी-आठवीच्या मुलांना ते सहज समजते.