जर्मन टीव्हीवरच्या प्रेमकथा इंग्लंडमध्ये का घडतात?

जर्मनीत रविवारी रात्री सव्वाआठला टीव्ही लावला की अनेकदा एका चॅनलवर खुनाचा तपास सुरू असतो. ती १९७० पासून चालू असलेली 'टाटॉर्ट' मालिका. दुसऱ्या, म्हणजे झेडडीएफ चॅनलवर त्याच वेळी समुद्रकाठच्या एखाद्या गावात कुणीतरी प्रेमात पडत असतं. गाव इंग्लंडमधलं, पात्रांची नावं इंग्रजी. पण कलाकार जर्मन आणि संवादही जर्मन! हे आहेत 'रोझामुंड पिल्चर' चित्रपट.

कोण होत्या पिल्चर?

त्यांचा जन्म १९२४ साली इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये झाला. सुरुवातीला त्या 'जेन फ्रेझर' या टोपणनावाने 'मिल्स अँड बून'साठी लिहीत. मोठं यश मात्र साठी उलटल्यावर, १९८७ च्या 'द शेल सीकर्स' या कादंबरीने मिळालं.

टीव्हीवर कशा आल्या?

१९९३ मध्ये झेडडीएफने त्यांच्या 'द डे ऑफ द स्टॉर्म' या कादंबरीवर चित्रपट केला. तेव्हापासून दीडशेहून अधिक चित्रपट झाले. इतक्या कादंबऱ्या पिल्चर यांनी लिहिल्याच नव्हत्या. मग लघुकथा घेतल्या गेल्या. काही पानांच्या गोष्टीतून दीड तासाचा चित्रपट करायचा, तर पात्रं आणि प्रसंग पटकथाकारालाच रचावे लागतात. २०१९ मध्ये पिल्चर यांचं निधन झालं, तरी चित्रपट थांबले नाहीत. त्यांचं नाव आता एक ब्रँड झालं आहे.

लोक का बघतात?

शेवट गोड होणार, हे आधीच माहीत असतं. वाड्यात दडलेलं जुनं गुपित, चुकीच्या माणसाशी ठरलेलं लग्न, मधेच भेटलेला योग्य माणूस आणि मागे निळा समुद्र. सोमवारी कामावर जायच्या आधी प्रेक्षकाला एवढंच हवं असतं.

कॉर्नवॉलला काय मिळालं?

पर्यटक! चित्रपटात दिसलेले वाडे आणि किनारे बघायला जर्मन प्रेक्षक तिथे जाऊ लागले. २००२ मध्ये पिल्चर आणि झेडडीएफच्या कार्यक्रमप्रमुखांना ब्रिटिश पर्यटन पुरस्कार मिळाला. गंमत म्हणजे खुद्द ब्रिटनमध्ये हे चित्रपट फारसे कुणाला माहीत नाहीत.

पडद्यावर न दिसणारं कॉर्नवॉल

कॉर्नवॉल हा इंग्लंडमधल्या गरीब भागांपैकी एक आहे. बाहेरचे लोक सुट्टीसाठी घरं विकत घेतात, भाव चढतात आणि स्थानिक तरुणांना स्वतःच्या गावात घर परवडत नाही. सेंट आयव्ह्ज या गावाने २०१६ मध्ये सार्वमत घेतलं. नवी बांधलेली घरं फक्त कायम राहणाऱ्यांनाच मिळावीत, या बाजूने ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली.

या टंचाईला एकटे हे चित्रपट जबाबदार नाहीत. ब्रिटिश पर्यटकांचाही तिथे पूर्वीपासून ओघ आहे. पण पडद्यावरच्या कॉर्नवॉलमध्ये नायिकेला वारशात वाडा मिळतो. खऱ्या कॉर्नवॉलमध्ये त्याच वयाची मुलगी दोन खोल्यांचं भाड्याचं घर शोधत असते.