आधी बोलायचा, मग थांबला

चंदीगडच्या सेक्टर 34 मधून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. यजमानांच्या बदलीमुळे हे मराठी कुटुंब तिकडे गेलं. मुलगा अडीच वर्षांचा. दीड वर्षाचा होईपर्यंत तो ‘आई’, ‘पाणी’, ‘काऊ’, ‘दे’ म्हणायचा, टाटा करायचा. मग एकेक शब्द गेला, हाकेला वळून बघणंही थांबलं. निदान झालं स्वमग्नतेचं, म्हणजे ऑटिझमचं. ताईंचे प्रश्न दोन आहेत. सासरची मंडळी म्हणतात, तो आधी बोलायचा हा तुझा भास आहे. असा भास होऊ शकतो का? आणि एका खासगी दवाखान्याने स्टेम सेलचं इंजेक्शन सुचवलं आहे, ‘फरक पडलेल्या’ मुलांचे व्हिडिओही दाखवले आहेत, घ्यावं का?

गंमत अशी की या दोन्ही प्रश्नांवर एकाच शास्त्रज्ञ बाईंनी काम केलं आहे. त्यांचं नाव जेराल्डीन डॉसन. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही, म्हणून आज जरा सविस्तर लिहितो.

बोलणारं मूल बोलायचं थांबतं, ही नोंद जुनी आहे. 1908 मध्ये व्हिएन्नातल्या थिओडोर हेलर या शिक्षणतज्ज्ञाने अशा सहा मुलांची हकीकत लिहिली. तिसऱ्या-चौथ्या वर्षापर्यंत नीट वाढलेली ही मुलं पुढे भाषा हरवून बसली होती. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनरचा स्वमग्नतेवरचा सुप्रसिद्ध निबंध आला 1943 मध्ये, हेलरनंतर पस्तीस वर्षांनी. पण कॅनरने ही अवस्था जन्मजात मानली आणि पुढच्या पिढ्यांनी तेच गृहीत धरलं. मग ‘आमचा आधी बोलायचा हो’ असं सांगणाऱ्या आईबापांचं करायचं काय? त्यांची आठवण चुकते आहे, असं म्हणणं सगळ्यात सोपं होतं. त्यात 1950-60 च्या दशकांत आईच्या कोरडेपणामुळे मूल असं होतं, असा क्रूर सिद्धान्तही बोकाळला. तो खोडून काढणारं ठाम पुस्तक 1964 मध्ये लिहिलं बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः स्वमग्न मुलाचा बाप होता.

आठवणीवर शंका घेणं मात्र अगदीच गैर नव्हतं. निदान झाल्यावर माणूस मागचं सगळं नव्या नजरेने बघतो, हे खरंच आहे. पुरावा हवा तर तो निदानाच्या आधीचा हवा. पण पुढे काय होणार हे ठाऊक नसताना असा पुरावा कोण गोळा करून ठेवेल?

तेव्हा वॉशिंग्टन विद्यापीठात काम करणाऱ्या डॉसन आणि त्यांची सहकारी ज्युली ऑस्टरलिंग यांना तो पुरावा लोकांच्या कपाटांत सापडला. अमेरिकेत तोवर घरोघरी व्हिडिओ कॅमेरे आले होते आणि पहिल्या वाढदिवसाचं चित्रण करण्याची चाल पडली होती. वाढदिवस निवडण्यातली हुशारी बघा. सगळी मुलं नेमक्या एका वयाची. प्रत्येक घरी तोच केक, त्याच भेटवस्तू, तीच आजी-आजोबांची गर्दी. प्रत्येक जण बाळाला नावाने हाका मारणार आणि कॅमेरा बाळावरून हलणार नाही. प्रयोगशाळेत लाखो डॉलर ओतूनही इतका एकसारखा प्रयोग मांडता आला नसता आणि तो आईबापांनी हौसेने, फुकट करून ठेवला होता!

1994 मध्ये पहिला निष्कर्ष आला. पुढे स्वमग्नतेचं निदान झालेली 11 मुलं आणि इतर 11 मुलं यांच्या पहिल्या वाढदिवसाच्या कॅसेट, मुलांचं निदान माहीत नसलेल्या निरीक्षकांनी बघितल्या. बोट दाखवणं, वस्तू दुसऱ्याला दाखवणं, माणसांकडे बघणं आणि हाकेला वळणं, एवढ्या चार गोष्टींवरून 22 पैकी 20 मुलांचा गट ओळखता आला.

ताईंच्या प्रश्नाचं थेट उत्तर आलं 2005 मध्ये. डॉसन आणि एमिली वर्नर यांनी या वेळी 56 मुलांच्या पहिल्या आणि दुसऱ्या अशा दोन्ही वाढदिवसांच्या कॅसेट मिळवल्या. ज्यांचे पालक ‘आलेलं गेलं’ म्हणत होते ती मुलं पहिल्या वाढदिवसाला स्वमग्न नसलेल्या मुलांसारखीच वागत होती. एवढंच कशाला, त्यांचे शब्द आणि बडबड इतरांपेक्षा जास्तच भरली. दुसऱ्या वाढदिवसाला मात्र त्यांचे शब्द कमी, बोट दाखवणं कमी, नजर देणं कमी, हाकेला वळणं कमी. आईबाप खरं सांगत होते.

तेव्हा ताई, तुमचा भास नाही. मोबाइलमधले जुने व्हिडिओ तारखेसकट जपून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा. सासूबाईंनाही दाखवायला हरकत नाही.

यात एक पुरवणी जोडायला हवी. कॅलिफोर्नियातल्या सॅली ओझोनॉफ यांनी स्वमग्न मुलांच्या धाकट्या भावंडांना तान्हेपणापासून पुनःपुन्हा तपासलं. त्यात असं दिसलं की सहा महिन्यांना नीट हसणारी, डोळ्यांत बघणारी बाळंही पुढच्या वर्षभरात हळूहळू मागे सरकत जातात. ही घसरण इतकी सावकाश असते की घरच्यांच्या लक्षातही येत नाही. शब्द गेले की ते खटकतं; नजर विरळ होत जाते ती खटकत नाही. स्वमग्न मुलांपैकी साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्याच्या पालकांना अशी पीछेहाट स्पष्ट जाणवते, बहुधा दीड ते दोन वर्षांच्या सुमाराला. नेमका हाच लसीकरणाचा काळ असल्यामुळे लशीवर आळ आला. लशीकडे बोट दाखवणारा 1998 चा 12 मुलांवरचा निबंध ‘लॅन्सेट’ने 2010 मध्ये मागे घेतला आणि 2019 मध्ये डेन्मार्कमधल्या साडेसहा लाखांहून अधिक मुलांच्या पाहणीत काहीही संबंध आढळला नाही. तो विषय तिथे मिटला.

मात्र भाषा गेली की आधी काही गोष्टी तपासून बाजूला काढाव्या लागतात. कानाने ऐकू येतं ना? झोपेतल्या मेंदूलहरींत अपस्माराच्या खुणा आहेत का? लांडाउ आणि क्लेफनर यांनी 1957 मध्ये वर्णन केलेल्या विकारात बोलणं जातं ते अशा लहरींमुळे. मुलगी असेल आणि हात सारखे चोळत असेल तर रेट सिंड्रोम, ज्याचं जनुक 1999 मध्ये सापडलं. आणि आपल्या देशात हमखास विचारायची गोष्ट म्हणजे बी-12. आईच्या अंगात हे जीवनसत्त्व कमी असेल आणि बाळ बराच काळ फक्त अंगावरच्या दुधावर असेल, तर बाळ मंद होतं, शिकलेलं विसरतं. यावर साधा, स्वस्त इलाज आहे. म्हणून हे तपासणं चुकवू नये.

आता इंजेक्शन. इथे मला याआधी गाजलेल्या अशाच एका इंजेक्शनची, सिक्रेटिनची, गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही. 1902 च्या जानेवारीत लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी कुत्र्याच्या आतड्याच्या एका भागाकडे जाणाऱ्या सगळ्या नसा तोडल्या आणि तिथे आम्ल घातलं. आतड्यात आम्ल आलं की स्वादुपिंडाला पाचकरस सोडायला लावणं हे काम नसांचं असतं असं पावलॉव्हच्या रशियन प्रयोगशाळेचं मत होतं, त्यामुळे स्वादुपिंड गप्प राहायला हवं होतं. पण पाचकरस आलाच! मग स्टार्लिंगने आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्लात घोटलं, गाळून शिरेत टोचलं. पुन्हा रस आला. रक्तातून निरोप नेणारं रसायन हाती लागलं होतं. हेच सिक्रेटिन, संप्रेरक म्हणून ओळखलं गेलेलं पहिलं रसायन. पावलॉव्हची थोरवी अशी की त्याने प्रयोग आपल्याकडे करवून बघितला आणि हे बरोबर आहेत, असं मान्य केलं.

या सिक्रेटिनला 1998 मध्ये भलताच जोडधंदा लागला. अमेरिकेत स्वादुपिंडाच्या तपासणीसाठी ते टोचलेल्या तीन स्वमग्न मुलांची नजर आणि बोलणं सुधारल्याचं एका निबंधात छापून आलं. टीव्हीवर कार्यक्रम झाला आणि हजारो आईबाप इंजेक्शनमागे धावले. पुढच्याच वर्षी एड्रियन सँडलर आणि सहकाऱ्यांनी 60 मुलांवर रीतसर चाचणी केली. निम्म्यांना सिक्रेटिन, निम्म्यांना मिठाचं पाणी. कुणाला काय मिळालं हे ना पालकांना माहीत, ना तपासणाऱ्यांना. चार आठवड्यांनी सिक्रेटिनवाल्यांच्या लक्षणांचे गुण 8.9 ने उतरले होते. मिठाच्या पाण्यावाल्यांचे 17.8 ने! खरी हळहळ पुढे आहे. हा निकाल सांगितल्यावरही 69 टक्के पालक म्हणाले, आम्हाला सिक्रेटिनमध्ये अजून रस आहे.

याला मूर्खपणा म्हणू नका. पाऊस ओढ देतो तेव्हा आपल्याकडे बेडकांचं लग्न लावतात आणि बहुतेकदा आठ-पंधरा दिवसांत पाऊस पडतोही. लग्न लावलं जातं ते कोरड टोकाला पोचल्यावर आणि टोकानंतर बदलच होत असतो. मुलाचंही तसंच. घर हवालदिल होतं तेव्हा नवा इलाज सुरू होतो. त्याच काळात मूल वाढतही असतं. गेलेल्या शब्दांपैकी काही पुष्कळ मुलांत आपोआप परततात. आईला दिसलेली सुधारणा खरी असते. ती कशामुळे झाली, हे मात्र एका मुलाकडे कितीही प्रेमाने पाहिलं तरी कळत नाही. त्यासाठी इलाज न मिळालेली मुलं शेजारी लागतात. शब्द गेल्याचं सांगताना पालकांइतका चांगला साक्षीदार नाही, पण इलाजाचा निवाडा एकट्या साक्षीदाराच्या भरवशावर करता येत नाही.

स्टेम सेलच्या बाबतीत हे तंतोतंत घडलं आणि ते घडवणाऱ्या संघात डॉसनच होत्या, या वेळी ड्यूक विद्यापीठात. 2017 मध्ये त्यांनी आणि जोॲन कुर्ट्झबर्ग यांनी 25 मुलांना त्यांच्याच नाळेतलं साठवलेलं, स्टेम सेल असलेलं रक्त दिलं. मुलं सुधारली, बातम्या झळकल्या. पण या मुलांच्या शेजारी तुलनेला कुणी नव्हतं. म्हणून त्याच संघाने 180 मुलांवर मोठी चाचणी केली, ज्यात एका गटाला नाळेतलं रक्त मिळालंच नाही. 2020 मध्ये निकाल आला. मिळून-मिसळून वागण्याचं जे मुख्य माप आधीच ठरवलं होतं, त्यात लक्षणीय फरक नाही. आपल्याच आशेवर पाणी ओतणारा निकाल त्यांनी छापला. मला डॉसन आवडतात त्या यासाठी.

भारतात नियमही स्पष्ट आहेत. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांसारखे मोजके मान्य उपयोग सोडले, तर स्टेम सेल फक्त मंजूर चाचणीतच देता येतात. 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नीतिमंडळाने स्वमग्नतेसाठी हा उपचार शिफारसयोग्य नसल्याचं सांगितलं आणि त्याची जाहिरात किंवा शिफारस करणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरवलं. दवाखान्यात दाखवलेले व्हिडिओ खोटे असतीलच असं नाही. तुलना नसलेले आहेत, इतकंच.

मग काही करायचंच नाही का? भरपूर आहे, फक्त ते सुईतून येत नाही. 2010 मध्ये डॉसन आणि सॅली रॉजर्स यांनी दीड ते अडीच वर्षांच्या 48 मुलांवर खेळातून शिकवण्याची पद्धत दोन वर्षं तपासली. बुद्ध्यंक सरासरी 17.6 ने वाढला. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांचा 7 ने. (हे 7 विसरू नका. या पद्धतीशिवायही ते वाढले होते.) पण आठवड्याला पंधरा-वीस तास तज्ज्ञ माणूस आपल्याकडे कुठून आणणार?

याचं उत्तर शोधायला आपल्याच शेजारचं गोवं पुढे आलं. तिथल्या ‘संगथ’ संस्थेच्या बालरोगतज्ज्ञ गौरी दिवाण, लिव्हरपूल विद्यापीठातले अतिफ रहमान आणि मँचेस्टरचे जोनाथन ग्रीन यांनी गोवा आणि रावळपिंडी इथल्या 65 मुलांवर चाचणी केली; निकाल 2016 मध्ये आला. पद्धत अशी: तज्ज्ञ नसलेली पण प्रशिक्षण घेतलेली कार्यकर्ती घरी येते, आई आणि मूल खेळत असताना चित्रण करते आणि दोघी मिळून ते बघतात. मूल कधी किंचित वळलं, आईने त्या क्षणी काय केलं, कुठे ती घाईने मध्ये पडली, हे थांबवून-थांबवून. सहा महिन्यांत 12 बैठका. पालकांचा मुलाशी सूर जुळला आणि मुलं आपणहून संवाद सुरू करू लागली. तुलनेला दुसरा गट होता, म्हणून यावर विश्वास ठेवता येतो. हा रोग बरा करणारा चमत्कार नाही. पण जे मिळतं ते खरं आहे.

ताई, तुमच्या घरापासून जवळच, सेक्टर 32 मध्ये सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथे प्रीती अरुण आणि बी. एस. चव्हाण यांनी स्वमग्नता हेरण्यासाठी 37 प्रश्नांची चंदीगडची स्वतःची चाचणी तयार केली आहे. सेक्टर 31 मध्ये बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांसाठी सरकारी पुनर्वसन संस्था आहे. दोन्हीकडे जा. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र काढा. 2016 च्या कायद्यात स्वमग्नतेचा समावेश आहे. आणि मुलाशी मराठी सोडून हिंदीतच बोला, असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची वाढ अडते, असं संशोधनात आढळलेलं नाही. ज्या भाषेत तुम्हाला मोकळं खेळता येतं, तीच त्याची पहिली शाळा.

यापुढे कुणीही नवा इलाज सुचवला, तर पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा. इलाज न मिळालेल्या मुलांशी तुलना केली आहे का? ही चाचणी असेल तर भारताच्या क्लिनिकल ट्रायल्स नोंदवहीतला तिचा क्रमांक काय? आणि पैसे कशाचे? प्रयोगाच्या अवस्थेतल्या उपचारासाठी सहभागी मुलाच्या पालकांकडून शुल्क घेता येत नाही. यातल्या एका जरी प्रश्नाचं सरळ उत्तर आलं नाही, तर मुलाला घेऊन घरी या आणि तेच पैसे पुढच्या वर्षभराच्या वाचा-उपचारावर खर्च करा.