आजीची लोखंडी पेटी आणि सीमेपलीकडचे वाचनालय

पांढुर्णा म्हटले की लोकांना गोटमार आठवते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या दोन काठांवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, दगड चालतात आणि आमच्या भागाची बातमी सगळीकडे छापून येते. सौंसरचे नाव निघाले तर संत्री आणि जामसावळीचा मारुती. पुस्तकांसाठी या दोन गावांचे नाव कोणी घेत नाही. आज मला त्यासाठीच ते घ्यायचे आहे.

सौंसर माझे आजोळ. आजीच्या माजघरात एक लोखंडी पेटी होती. मामा नागपूरला नोकरीला. शनिवारी छोट्या गाडीने घरी यायचा, तेव्हा त्याच्या पिशवीत तिकडच्या वाचनालयातली दोन पुस्तके असायची. आठवड्यात ती आमच्या ओळीतल्या चार-पाच घरांतून फिरून परत पेटीत यायची. दिवाळी अंक तर होळीपर्यंत फिरत. एकदा शेजारच्या घरी पुस्तक पावसात भिजले. मामाने दंड भरला, पण पुस्तके देणे काही थांबले नाही. आजी म्हणायची, “पेटीत ठेवलं तं कसर लागते, हातोहात फिरलं तं टिकते.” आमच्यासाठी सार्वजनिक ग्रंथालय म्हणजे एवढेच होते.

पुस्तके नागपूरहून का यायची, हे मला फार उशिरा कळले. पूर्वी हा सगळा मध्य प्रांत आणि वऱ्हाड असा एकच प्रांत होता आणि त्याची राजधानी नागपूर. कचेरी, कॉलेज, छापखाने, वर्तमानपत्रे सारे तिथे. विदर्भ साहित्य संघाची स्थापना 1923 साली अमरावतीला झाली, तेव्हा अमरावती आणि सौंसर यांच्यामध्ये राज्याची सीमा नव्हती. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यांची पुनर्रचना झाली. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. आमच्या घरातली बोली तीच राहिली, पण राजधानी भोपाळ झाली. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना होळकर-शिंद्यांचा राजाश्रय मिळाला होता. आमच्याकडे संत्र्याचे बगीचे होते, राजवाडा नव्हता.

पुढे आणखी एक फरक पडला. महाराष्ट्राने 1967 साली सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यामुळे गावातल्या चार लोकांनी नियमाप्रमाणे वाचनालय काढले आणि चालवून दाखवले, की सरकारी मान्यता मिळू लागली. अ, ब, क, ड असा वर्ग ठरून दरवर्षी अनुदान मिळू लागले. अनुदान तुटपुंजे आणि वेळेवर येत नाही, ही तिकडच्या कार्यकर्त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खरीही आहे. तरीही त्या कायद्याच्या आधाराने महाराष्ट्रात अकरा-बारा हजार ग्रंथालये उभी राहिली. मध्य प्रदेशात असा कायदा आजवर झालेला नाही. म्हणजे पांढुर्ण्याहून नरखेड किंवा वरूडला गेलात, तर बोली बदलत नाही, पीक बदलत नाही. बदलतो तो वाचनालय मागण्याचा हक्क.

याची किंमत काय, ते मी मागच्या दिवाळीत पाहिले. भाचीला आजीच्या पेटीतले एक पुस्तक वाचायला दिले. ती मराठी फाडफाड बोलते, पण शाळा हिंदी माध्यमाची. अक्षरे ओळखीची असूनही पहिल्याच परिच्छेदात ती तीनदा अडखळली आणि हसून म्हणाली, “तूच वाच ना, मी ऐकते.” ऐकायला ती तयार होती, एवढाच मला दिलासा. पण तिची मुले काय ऐकतील?

तरुण मित्रांनो, आता एक संधी आली आहे. 2023 साली पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. नव्या जिल्ह्यात कचेऱ्या येतील, तसे चांगले जिल्हा ग्रंथालयही यावे आणि त्यात हिंदीच्या शेजारी मराठीचे भरलेले कपाट असावे, अशी मागणी आपण करू शकतो. हिंदी आपलीच आहे. भांडण तिच्याशी नाही.

दुसरे काम तर कोणाला न विचारता करता येईल. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रम 2009 साली सुरू झाला. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या एका गटाकडे द्यायची, काही महिन्यांनी दुसऱ्या गटाशी बदलायची, एवढीच त्याची रीत. अशा पेट्या दुबईच्या मराठी घरांपर्यंत पोहोचल्या. त्याबद्दल पहिल्यांदा वाचले तेव्हा मला आजीच आठवली. दुबईला जे जमले ते सौंसरला का जमू नये?

आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी दहा-वीस पुस्तके असतात, जी आता कोणी उघडत नाही. येत्या पोळ्याला गावी जाताना त्यांतली पाच पिशवीत घाला. मुलांच्या गोष्टींची असतील तर आधी ती. मी माझ्या वाट्याची काढून ठेवली आहेत. आजीच्या लोखंडी पेटीत सध्या गोधड्या आहेत. मामी म्हणाली, त्या काढून ठेवते.