वर्गातील गोंगाट आणि मुलाचे ऐकणे

दोनशिक्षकी शाळेतील एकाच खोलीत पहिलीची मुले पाढे म्हणत असतात, दुसऱ्या कोपऱ्यात चौथीचा भूगोल चाललेला असतो. त्यातच पत्र्यावर पावसाची सर येते. अशा वेळी एखादे मूल विचारलेल्या प्रश्नाला भलतेच उत्तर देते, किंवा शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. हजेरीला मात्र तेच मूल चटकन ‘हजर’ म्हणते. यावरून, त्यास ऐकू येते पण त्याचे लक्ष नसते, असा निष्कर्ष काढला जातो. तो पुष्कळदा अन्यायाचा ठरतो.

आवाज कानी पडणे आणि बोलणे उमगणे या भिन्न गोष्टी होत. बोलण्यातील स्वर जोरकस असतात. स, फ, त, क यांसारखी व्यंजने क्षीण असतात व गोंगाटात ती प्रथम बुडतात. मग ‘साप’, ‘ताप’ आणि ‘काप’ यांतील भेद उरत नाही. प्रौढ मनुष्य निसटलेला शब्द संदर्भावरून भरून काढतो. लहान मुलापाशी तेवढा शब्दसंग्रह नसतो. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलास तर हे अधिकच अवघड जाते. शिवाय गोंगाटातून हवे ते बोलणे वेगळे काढण्याची शक्ती किशोरवयापर्यंत विकसित होत असते.

कॉलिन चेरी या शास्त्रज्ञाने १९५३ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, दोन कानांत दोन निरनिराळी भाषणे ऐकविली असता माणसे एकाचे अनुसरण करीत. दुसऱ्यातील शब्द त्यांना सांगता येत नसत. दोन्ही कान शाबूत असलेल्या प्रौढांची ही स्थिती. मग ज्याचा एक कान अधू आहे, कान फुटलेला आहे किंवा सर्दीनंतर पडद्यामागे पाणी साचले आहे, त्या मुलाची अडचण किती असेल?

शंका आल्यास शिक्षकाने मुलाच्या पाठीमागे उभे राहून शांत वेळी दहा परिचित शब्द उच्चारावेत व त्याच्याकडून म्हणवून घ्यावेत. नंतर वर्ग पाढे म्हणत असता दुसरे दहा शब्द घ्यावेत. इतर मुलांच्या मानाने दुसऱ्या वेळी फार चुका झाल्यास त्याची नोंद ठेवावी. ही वैद्यकीय परीक्षा नव्हे. म्हणून २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत येईल तेव्हा मूल अवश्य दाखवावे. कान वाहत असल्यास तितकी वाट न पाहता पालकांस प्राथमिक आरोग्य केंद्राकडे पाठवावे, व कानात तेल घालू नये असे बजावावे.

वर्गातील उपाय बिनखर्चाचे आहेत. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाची पातळी सुमारे ६ डेसिबलने उतरते. तेव्हा अशा मुलास पुढे, चांगला कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. चेहऱ्यावर उजेड असावा. एका वर्गाचे तोंडी काम चालू असता दुसऱ्यास लेखी काम द्यावे. ‘समजले का?’ असे विचारल्यास मूल ‘हो’ म्हणते; त्याऐवजी काय ऐकले ते त्याच्याकडून सांगवून घ्यावे.

मूल एकदा ‘मठ्ठ’ ठरले की पुढे तेही तसेच मानू लागते. तो शिक्का मारण्यापूर्वी त्याच्यापर्यंत शब्द पोहोचला की नाही, हे पाहणे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.