दोनशें छपन्नावा पट

नाणें टाकून खेळावयाच्या एका यंत्राची ही हकीकत आहे. जपानांत १९८० सालीं नामको कंपनीनें ‘पॅक-मॅन’ हा खेळ बाहेर काढला. तोरू इवातानी हे त्याचे योजक. चक्रव्यूहांतील लहानमोठे २४४ ठिपके गिळावयाचे आणि चार भुतांना चुकवावयाचें. ठिपके संपले कीं पुढचा पट सुरू. खेळास शेवट असा ठरविलेलाच नव्हता. खेळाडू केव्हां तरी चुकेल, तोच शेवट, असा हिशेब असावा.

हा हिशेब कच्चा ठरला. २१ व्या पटापासून खेळाची कठिणता वाढतच नाहीं, आणि तुम्हीं तीच चाल केलीत तर भुतेंही तेंच उत्तर देतात. हें मर्म ओळखून कांहीं खेळाडूंनीं वाटा पाठ केल्या आणि तासन्‌ तास न चुकतां ते २५६ व्या पटावर जाऊन पोहोंचले.

यंत्र पटाचा आंकडा स्मरणाच्या एकाच कप्प्यांत ठेवतें व त्यांत २५५ हून मोठी संख्या मावत नाहीं. मोटारीच्या मैलमापकावर नवांच्या रांगेनंतर पुन्हां शून्यें येतात, तसेंच हें. पहिल्या पटास यंत्र शून्य म्हणतें. म्हणून २५६ व्यास २५५. पटाच्या तळाशीं प्रगतिदर्शक फळें काढतांना तें या आंकड्यांत एक मिळवितें, आणि उत्तर येतें शून्य! शून्य फळें म्हणजे कांहींच काढूं नये, असें तुम्हीं आम्हीं म्हणूं. यंत्राची रीत निराळी: आधीं चित्र काढावें, मग एक वजा करावा, शून्य उरलें तर थांबावें. शून्यांतून एक वजा जातांच पुन्हां २५५ होतात, आणि एकूण २५६ चित्रें काढल्याखेरीज तें बिचारें थांबत नाहीं. इतकीं फळें त्याच्यापाशीं आहेत कोठें? मग स्मरणांतील भलतेसलते आंकडेच चित्रें समजून तें रंगवीत सुटतें, आणि पटाचा उजवा अर्धा भाग अक्षरांच्या व रंगांच्या कचऱ्याखालीं बुजून जातो.

त्या भागांत ९ च ठिपके उरतात. २४४ ही संख्या भरत नाहीं आणि पुढचा पट येत नाहीं. नवशिक्यास या दोषाची झळ कधींच लागली नाहीं. ती लागली केवळ निष्णातास. पण तोही वस्ताद! प्राण गेला कीं ते ९ ठिपके पुन्हां उगवतात, हें त्यानें हेरलें. तेव्हां ते गिळावे, मुद्दाम भुताच्या तोंडीं जावें, पुन्हां गिळावे, असें करीत उरलेला एकेक प्राण तो गुणांसाठीं खर्चितो; आणि अशा निर्दोष खेळाची बेरीज ३३,३३,३६० भरते.