खोटा चेहरा, खरी भीती : डीपफेक आणि सायबर दहशतवाद

आज सुरुवात एका घटनेपासून करू. तारीख १६ मार्च २०२२. रशियाने युक्रेनवर हल्ला केल्याला तीन आठवडे होत आले होते. अचानक एक व्हिडिओ फिरू लागला. त्यात राष्ट्राध्यक्ष झेलेन्स्की आपल्याच सैनिकांना शस्त्रं खाली ठेवा म्हणून सांगत होते. व्हिडिओ बनावट होता, म्हणजे डीपफेक.

आता यातला महत्त्वाचा भाग बघा. हल्लेखोर नुसता व्हिडिओ बनवून थांबले नाहीत. त्यांनी ‘युक्रेन २४’ या वृत्तवाहिनीची यंत्रणा हॅक केली आणि शरणागतीचा तोच मजकूर तिच्या बातम्यांच्या पट्टीवर चालवला. म्हणजे चेहरा खोटा, पण दार खरं! बनावट मजकूर आणि चोरलेली विश्वासार्ह जागा एकत्र आली की धोका कैक पटीने वाढतो.

नुसती जागा चोरूनही किती गोंधळ होतो? २३ एप्रिल २०१३ रोजी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेचं ट्विटर खातं हॅक झालं आणि व्हाइट हाउसमध्ये स्फोट झाल्याचं खोटं ट्विट पडलं. अमेरिकेचा डाऊ निर्देशांक काही मिनिटांत शंभराहून अधिक अंशांनी कोसळला, मग सावरला. एआय नव्हतंच तिथे. आणि मे २०२३ मध्ये उलट झालं : पेंटागॉनजवळ स्फोट झाल्याचं, एआयने बनवलेलं वाटणारं एक चित्र पसरलं आणि शेअर बाजार थोडा वेळ डळमळला.

कुणी म्हणेल, हे सगळं परदेशातलं. तर मग आपल्या धुळ्याकडे या. १ जुलै २०१८, राईनपाडा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, या अफवेतून जमावाने भटक्या समाजातल्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला. त्या काळात देशभर फिरणाऱ्या व्हिडिओंपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीचा होता. फक्त शेवटचा खुलासा कापलेला. साधी कात्री पुरली! जनरेटिव्ह एआयने काय बदललं? मेहनत, खर्च आणि भाषेची अडचण कमी केली. पूर्वी परक्या माणसाचं मराठी लगेच ओळखू यायचं. आता तो भरवसा धरता येत नाही.

दहशतवादाचं उद्दिष्ट काय असतं? माणसं घाबरावीत आणि त्यांचा एकमेकांवरचा, व्यवस्थेवरचा विश्वास उडावा. आपल्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात सायबर दहशतवादासाठी कलम ६६एफ आहे, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. पण कायदा घटनेनंतर येतो; अफवा तोवर गावभर झालेली असते.

आणखी एक धोका, जरा सूक्ष्म. डीपफेक असतात हे सगळ्यांना कळलं, की खऱ्या पुराव्यालाही कुणीही ‘ते एआय आहे’ म्हणून झटकू शकतो. म्हणजे ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ हा सल्ला शहाणपणाचा वाटला तरी तो हल्लेखोराच्याच पथ्यावर पडतो.

मग करायचं काय? पुन्हा युक्रेनकडे जाऊ. तो व्हिडिओ फसला, कारण एक तर तो कच्चा होता, डोकं धडाशी नीट जुळत नव्हतं. पण त्याहून मोठी दोन कारणं होती. असा व्हिडिओ येऊ शकतो, हे सरकारने लोकांना दोन आठवडे आधीच सांगून ठेवलं होतं. आणि झेलेन्स्कींनी त्याच दिवशी स्वतः व्हिडिओ करून उत्तर दिलं. पुढचे डीपफेक कच्चे नसतील. पण पूर्वसूचना आणि झटपट खुलासा, हे दोन्ही आपल्या हातात आहे.

आपल्या जिल्हा प्रशासनालाही हे जमण्यासारखं आहे : अधिकृत माहिती नेमकी कुठे मिळेल, हे शांततेच्या काळातच लोकांना पाठ करून द्यायचं. आणि आपण? व्हिडिओ पाहून रक्त उसळलं, की तिथेच थांबायचं. डोळे बारीक करून चूक शोधत बसू नका. हे आलं कुठून आणि दुसरं कोण सांगतंय, एवढं विचारा. उत्तर मिळेपर्यंत पुढे पाठवू नका. राईनपाड्याच्या त्या दिवशी एवढा थांबा पुरला असता.

आता तुमचे प्रश्न घेऊ.