एका टायरवरचे दोन बाण

टायरच्या बाजूच्या भिंतीवर एक बाण असतो आणि चाक त्याच दिशेनं फिरायला हवं, एवढं गाडी चालवणाऱ्या बहुतेकांना ठाऊक असतं. मला प्रश्न पडला तो एकाच टायरवर दोन बाण पाहून. दोघांची तोंडं एकमेकांच्या विरुद्ध. एकाशेजारी ‘फ्रंट’, दुसऱ्याशेजारी ‘रिअर’. रबर तेच, नक्षी तीच, मग पुढच्या चाकावर बसवताना हा उलटा का फिरवायचा? टायर विकणाऱ्याला विचारलं, तर तो म्हणाला, ‘कंपनीचं तसंच असतं.’ एवढ्यावर माझं समाधान होण्यासारखं नव्हतं. मावसभाऊ म्हणाला, ‘ताई, हे विकणाऱ्याला नाही, बसवणाऱ्याला विचार.’

हा मावसभाऊ विट्याचा. खानापूर-आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या गलाईच्या धंद्यात देशभर पांगली, त्यांतलाच एक. चेन्नईत साहुकारपेठेत त्याची भट्टी आहे. तमिळ अस्खलित बोलतो, त्यामुळे दुभाषाही तोच. त्यानं मला जनरल पॅटर्स रोडवर नेलं. माउंट रोडला लागून असलेल्या या रस्त्याला सगळे जी. पी. रोड म्हणतात. हेल्मेट, आरसे, सायलेन्सर, सीट, टायर; दुचाकीला लावता येईल ते सगळं इथं मिळतं. पलीकडे कूवम नदीच्या काठावर पुदुपेट, जुन्या गाड्या सुट्या करून भाग विकणाऱ्यांचा बाजार.

टायर बसवणाऱ्याची जागा म्हणजे दुकानाच्या कडेचा फूटपाथचा तुकडा. कॉम्प्रेसर, साबणपाण्याचं डबडं, दोन लांब टॉम्या, एक आखूड, रबरी हातोडा. पन्नाशीचा माणूस, भाऊ त्याला अण्णा म्हणत होता. मजुरी एका चाकाला शंभर रुपये. टायर दोन हजारांचा असो की सहा हजारांचा, शंभर.

चाक खोलणं, हवा सोडणं, जुना टायर उतरवणं भराभर उरकतं. मी तिथं पुन्हा जात राहिले ती त्यानंतरच्या एका क्षणासाठी. नवा टायर आणि उघडी रिम शेजारी ठेवून अण्णा थांबतो. चेनचा दातेरी चक्का कोणत्या बाजूला आहे ते बघतो, मग तर्जनी हवेत फिरवतो, गाडी पुढे जाताना चाक जसं फिरेल तशी. मग बाण बघतो. मग पुन्हा एकदा बोट फिरवतो. चाक जमिनीवर आडवं पडलेलं असतं. वरून बघताना डावं-उजवं चुकायला क्षण पुरतो. पलीकडच्या एका पोऱ्यानं न थांबता दोन टायर चढवलेले मी पाहिले. ते बरोबरच बसले असतील, पण मला अण्णाचं थांबणं जास्त पटतं.

दोन बाणांचं उत्तर त्यानं जुन्या टायरच्या एका पट्टीवर दाखवलं. टायरचा रस्त्याला लागणारा थर पूर्वापार सपाट पट्टीच्या रूपात तयार होतो आणि सांगाड्याभोवती गुंडाळला जातो. पट्टीची दोन टोकं तिरकी कापून एकावर एक चढवतात आणि मग सगळं साच्यात तापवून एकजीव करतात. तो जोड डोळ्यांना दिसत नाही, पण असतो. मागच्या चाकाला इंजिन ओढतं, तेव्हा रस्ता रबराला पुढच्या बाजूला रेटतो. पुढच्या चाकाला इंजिन नाहीच. त्याच्यावर मोठा जोर येतो तो ब्रेक दाबल्यावर आणि तो नेमका उलट्या दिशेनं. जोराखाली वरचं टोक दाबलं जायला हवं, उचकटलं जायला नको. म्हणून तोच टायर पुढे बसवताना फिरवायचा. अण्णानं तळहातावर तळहात तिरका ठेवून आधी एका बाजूनं रेटला, मग दुसऱ्या. एका बाजूनं हात घट्ट बसला, दुसऱ्या बाजूनं सुटला. अलीकडे काही टायरांत अरुंद रबरी पट्टी दोऱ्यासारखी गोल गुंडाळत नेतात. तिथं असा आडवा जोड राहत नाही. पण बाण पाळायचं दुसरं कारण राहतंच, पाण्याचं. नक्षीतल्या चरींनी पाणी मधून बाजूला फेकायचं असतं. उलट बसवल्या तर त्या हे काम नीट करत नाहीत.

आता खरं सांगायचं, तर मोटरसायकलचा टायर गोलसर असतो, मोटारीच्या सपाट टायरसारखा पाण्यावर सहजी तरंगत नाही. टायर उलटा बसला म्हणून कोणी पहिल्याच वळणावर पडत नाही. म्हणूनच उलटे टायर वर्षानुवर्षं फिरत राहतात. पण चेन्नईचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरचा आणि तो कसा पडतो ते 2015 च्या डिसेंबरात सगळ्या देशानं पाहिलं. ओल्या रस्त्यावर करकचून ब्रेक लागतो तेव्हा रबरानं सगळ्या बाजूंनी आपलं काम करायला हवं असतं.

हे शहरच टायरचं. उत्तरेला समुद्रालगतच्या तिरुवोत्तियूरला के. एम. मामेन माप्पिळै यांनी 1946 मध्ये खेळण्यातले फुगे करायला सुरुवात केली. तीच पुढे मद्रास रबर फॅक्टरी, एमआरएफ. त्याच तिरुवोत्तियूरला 1955 पासून एनफील्डच्या बुलेट बनू लागल्या. म्हणजे गाडी आणि टायर एकाच उपनगरातले. आता श्रीपेरुंबुदूर-ओरगडमच्या पट्ट्यात टायरचे आणि गाड्यांचे मोठमोठे कारखाने आहेत. त्या कारखान्यांत टायर किती यंत्रांतून, किती तपासण्यांतून जात असेल! आणि शेवटची तपासणी फूटपाथवर, एका बोटानं, शंभर रुपयांत.

टायर निवडण्यावरून रोज वाद होतात. एक पोरगा 100/90-17 च्या जागी 120 चा मागत होता. 100 म्हणजे रुंदी मिलिमीटरमध्ये, 90 म्हणजे रुंदीच्या टक्क्यात उंची, 17 म्हणजे रिमचे इंच. पोराला मागून गाडी भरदार दिसायला हवी होती. अण्णानं टायर रिमवर नुसता टेकवून दाखवला: रिम अरुंद, त्यामुळे टायरच्या भिंती आत चिमटल्या जाणार, माथा टोकदार होणार आणि रुंदीसाठी मोजलेले पैसे रस्त्याला लागणारच नाहीत. वर गाडी वळायला जड. पोरगा ऐकून न ऐकल्यासारखं करून पुढच्या दुकानात गेला. तिथं त्याला 120 मिळाला असणार, या रस्त्यावर नाही म्हणणारे थोडे. मला मात्र भरदार टायरची ही हौस निव्वळ खुळचट वाटते.

अण्णा आकारानंतर लगेच दोन गोष्टी बघतो. एक, ‘55पी’सारखी खूण: 55 म्हणजे त्या चाकावर 218 किलोपर्यंत भार, पी म्हणजे ताशी 150 किलोमीटरपर्यंत वेग. दुसरी, लंबगोलातले चार आकडे. 2224 म्हणजे 2024 सालचा बाविसावा आठवडा. दुकानाबाहेर उन्हात टांगलेला टायर नवा कोरा दिसतो, पण चेन्नईच्या उन्हात तो टांगल्या जागी म्हातारा होत असतो.

मग चढवणं. रिमवर साबणपाणी, ट्यूबला पावडर, टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हपाशी; ती टायरची हलकी बाजू, व्हॉल्व्हच्या वजनाशी तिचा हिशेब जुळतो. टॉमीनं कड ओढताना समोरची कड गुडघ्यानं रिमच्या मधल्या खोलगट भागात दाबून धरायची. हे साधलं, तर ताकद लागत नाही. नाही साधलं, तर टॉमी ट्यूबला चावते. हवा भरताना ओल्या रबराचा, साबणाचा उग्र वास येतो आणि एकदम ‘टप्प’ आवाज होऊन कड जागेवर बसते. अण्णा चाक फिरवून रिमलगतची बारीक रेघ सगळीकडे सारखी दिसते का बघतो. ‘पहिले दीड-दोनशे किलोमीटर जपून, नवं रबर घसरतं,’ हे प्रत्येकाला सांगतो. बहुतेक जण तोवर फोन काढून बोलायला लागलेले असतात.

एका संध्याकाळी घरोघरी जेवण पोचवणारा एक तरुण आला. मागचा टायर पार गोटा झालेला, चरीतल्या झिजेच्या खुणा कधीच रस्त्याला लागलेल्या. त्याच्या खांद्याला दुसरा टायर होता, पुदुपेटमधून आणलेला, जुना. अण्णानं चार आकडे वाचले, टायर वाकवून भिंतीवरच्या बारीक भेगा त्याला दाखवल्या आणि बसवायला नकार दिला. तरुण म्हणाला, ‘नव्याचे पैसे पुढच्या आठवड्यात येतील, तोवर गाडी उभी ठेवून खाऊ काय?’ भाऊ मला हे भाषांतर करून सांगत होता तोवर अण्णानं दुकानाच्या मागून दुसरा एक वापरलेला टायर काढला. कुणीतरी रुंद टायरच्या नादात उतरवून टाकलेला, निम्म्याहून जास्त नक्षी शिल्लक, भेगा नाहीत. टायरचे पैसे घेतले नाहीत. बोट हवेत फिरवलं, बाण बघितला, पुन्हा फिरवलं, चढवला. मजुरीचे शंभर मात्र पुरे मोजून घेतले.